नाकाची गोष्ट की कोटाची?

उपवासकाळातील चौथा रविवार
शुभवर्तमान : लूक १५:१-३, ११-३२



काही आठवड्यांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना आठवी आज्ञा शिकवत होतो. खोटे बोलू नये, हे त्यांच्या मनावर ठसावे म्हणून मी पिनोकिओची गोष्ट सांगितली. लाकडाचा एक बाहुला असतो, तो खोटे बोलला की त्याचे नाक लांब होते. मुले हसली, एकमेकांची नाके ओढू लागली. मीही खूश झालो. वर्ग सुटला. एक मुलगा मात्र मागे रेंगाळला आणि दारापाशी येऊन हळूच म्हणाला, "फादर, नाक वाढल्यावर त्याच्या पप्पांनी त्याला घरात घेतलं का?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. मी पाहिला होता तो १९४० सालचा डिस्नेचा चित्रपट, आणि तोही पुसटसा आठवत होता. "घेतलं असेल की," असे काहीतरी बोलून मी मिस्सेच्या तयारीला गेलो. पण तो मुलगा बाहुल्याविषयी विचारत नव्हता, हे मला रात्री जेवताना कळले. मग मी मूळ पुस्तक मिळवले आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. आजचे प्रवचन म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

हे पुस्तक इटलीतील फ्लोरेन्स शहरच्या कार्लो लोरेन्झिनी यांनी लिहिले. आईच्या गावाचे नाव घेऊन ते 'कोलोदी' या टोपणनावाने लिहीत. १८८१ सालच्या जुलै महिन्यात मुलांच्या एका साप्ताहिकात ही कथा सुरू झाली. पंधराव्या प्रकरणात चोर त्या बाहुल्याला झाडाला फाशी देतात, आणि कोलोदींनी गोष्ट तिथेच संपवली होती. पण बालवाचकांना ते काही पटले नाही. त्यांच्या आग्रहामुळे १८८२ मध्ये कथा पुन्हा सुरू झाली आणि १८८३ मध्ये ती ३६ प्रकरणांचे पुस्तक म्हणून छापली गेली. चुकलेल्या पोराला झाडावर लटकत ठेवून गोष्ट संपू नये, असे त्या लहान वाचकांना वाटले. लूकच्या पंधराव्या अध्यायातही उधळ्या पुत्राची गोष्ट डुकरांच्या गोठ्यात संपत नाही.

आता नाकाविषयी. ३६ प्रकरणांच्या या पुस्तकात खोटे बोलल्यामुळे नाक वाढते ते दोनच ठिकाणी. इतर वेळीही पिनोकिओ थापा मारतोच, तेव्हा त्याच्या नाकाला काही होत नाही. आणि आपण मात्र सगळ्या पुस्तकातून ते नाक तेवढे उचलले! कारण उघड आहे. मुलांना धाक दाखवायला नाक फार सोयीचे. पण या पुस्तकात नाकापेक्षा मोठी एक वस्तू आहे. ती म्हणजे बापाचा कोट.

जेपेत्तो हा गरीब सुतार. त्याच्या घरात चूल आहे ती भिंतीवर रंगवलेली, तिच्यावरचे भांडेही रंगवलेलेच. तो लाकडाच्या ओंडक्यातून एक बाहुला घडवतो. बाहुला पाय फुटताच पळून जातो आणि त्याच्यापायी बापाला एक रात्र तुरुंगात काढावी लागते. सकाळी सुटून आल्यावर जेपेत्तो काय करतो? स्वतःच्या न्याहारीसाठी आणलेली तीन नासपती त्या उपाशी पोराला देतो. शेकोटीवर जळालेले त्याचे पाय नव्याने घडवतो. मग शाळेसाठी पुस्तक हवे होते आणि खिशात दमडी नव्हती. जेपेत्तो आपला जुना, ठिगळे लावलेला कोट अंगात घालून बाहेर जातो आणि पुस्तक घेऊन परत येतो तो नुसत्या सदऱ्यात. बाहेर बर्फ पडत असतो. कोट कुठे, असे मुलाने विचारल्यावर तो सांगतो की विकला, अंगात फार उकडत होते.

बंधुभगिनींनो, अंगावरच्या कपड्याचे मोल सोलापूरला कुणी समजावून सांगायला नको. या शहराने चादरी विणल्या आणि जगाला पांघरूण घातले. याच शहरात गिरण्या बंद पडल्या तेव्हा घराघरांतून काय काय बाजारात गेले, तेही आपण पाहिले आहे. मुलाच्या फीसाठी कुणी सायकल विकली, कुणा आईने कानातले गहाण ठेवले, कुणी रात्री उशिरापर्यंत विड्या वळल्या. या पुस्तकात कोट बापाचा आहे. आपल्याकडे तो पुष्कळदा आईचा असतो.

पण जेपेत्तोच्या बोलण्याकडे जरा लक्ष द्या. तो मुलाला बिल दाखवत नाही. आपण काय करतो? "तुझ्यासाठी आम्ही काय काय सोसलं, ठाऊक आहे का?" हे वाक्य किती घरांत रोज जेवणाच्या ताटाबरोबर वाढले जाते! जे दिले ते प्रेमाने दिले, यात शंका नाही. पण रोज हिशेब ऐकणाऱ्या मुलाला ते कर्ज वाटू लागते, आणि कर्जदार माणूस सावकाराला तोंड चुकवतो. मुलगा निकाल का लपवतो, पैसे गेले तर खोटे का बोलतो, हे एकदा या बाजूने तपासून पाहा.

इथे कुणी म्हणेल, "फादर, प्रेमाने वागवलं तर मुलं डोक्यावर बसतात." खरे आहे, बसतात. हे पुस्तक तेही लपवत नाही. बर्फ थांबताच पिनोकिओ ते नवे पुस्तक काखेत घेऊन शाळेला निघतो. वाटेत बाहुल्यांच्या खेळाचा ढोल ऐकू येतो. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावरचा आवाज ऐकून आपल्या पोरांचे पाय जसे वळतात, तसे त्याचेही वळले. तिकिटाला चार पैसे हवे होते. त्याने पुस्तक विकले. बाप घरी थंडीत कुडकुडत होता आणि कोटाचे पुस्तक तिकिटात गेले.

ज्या आईवडिलांनी हे भोगले आहे, ते आजही इथे बाकांवर बसलेले आहेत. त्यांना मला सांगायचे आहे की तुमचा कोट वाया गेला असे समजू नका. जेपेत्तोच्या कोटाला फळ आले ते शेवटच्या, छत्तिसाव्या प्रकरणात. मधली सत्तावीस प्रकरणे त्याच्या हाती काहीच लागले नाही.

त्या मधल्या काळात मुलगा कोल्हा आणि मांजराच्या नादी लागतो. सोन्याची नाणी शेतात पेरली की झाड उगवते, असे ते त्याला सांगतात. आज मोबाईलवर दामदुप्पट पैशांचा संदेश आला की मोठी माणसेही फसतात, मग त्या लाकडी पोराला काय हसायचे? पुढे मित्राबरोबर तो खेळांच्या देशात जातो. तिथे शाळा नाही, अभ्यास नाही, बारा महिने सुट्टी. पाच महिन्यांनी एका सकाळी आरशात पाहतो, तर डोक्यावर गाढवाचे कान!

आणि बाप? आजच्या शुभवर्तमानातला पिता मुलाला दुरून पाहतो आणि धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. जेपेत्तो मुलाला शोधायला स्वतः छोटी होडी बांधून समुद्रात उतरतो. वादळात होडी उलटते आणि एक प्रचंड मासा त्याला गिळतो. चित्रपटात तो देवमासा आहे, मूळ पुस्तकात महाकाय शार्क. त्या पोटाच्या अंधारात तो दोन वर्षे काढतो. योना संदेष्टा देवापासून पळाला म्हणून माशाच्या पोटात गेला. इथे पळाला मुलगा आणि माशाच्या पोटात गेला बाप. मुलाच्या पळण्याची शिक्षा बापाने भोगावी, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी कुठे ऐकली आहे? येत्या पवित्र शुक्रवारी क्रुसाच्या वाटेवर तीच गोष्ट आपण पुन्हा चालणार आहोत. आपण हरवलो म्हणून देव स्वर्गात वाट पाहत बसला नाही. त्याचा पुत्र आपल्या मरणाच्या पोटात उतरला.

शेवटी पिनोकिओलाही तोच मासा गिळतो. आत दूरवर एक दिवा मिणमिणत असतो. शेवटची मेणबत्ती लावून म्हातारा बाप बसलेला. बापाला पोहता येत नाही. मुलगा त्याला पाठीवर घेतो आणि समुद्रात उडी टाकतो. बाप आजारी आहे, त्याला दूध हवे. एका मळेवाल्याकडे एक पेला दुधाच्या बदल्यात तो रहाट ओढून शंभर बादल्या पाणी काढतो. पाणी ओढणे म्हणजे काय, हे आपल्या दुष्काळी जिल्ह्याला ठाऊक आहे. पाच महिने तो हे करतो, टोपल्या विणतो, रात्री वाचायला शिकतो. नवा कोट घेण्यासाठी ४० पैसे साठवतो. आणि त्याला आईसारखी माया लावणारी परी आजारी असल्याचे कळताच ते सगळे तिच्यासाठी देऊन टाकतो. पाहा, कोट पुन्हा आला! पहिल्यांदा बापाने मुलासाठी कोट विकला, आता मुलाने दुसऱ्यासाठी कोट सोडला. त्याच रात्री लाकडाचा बाहुला हाडामांसाचा मुलगा होतो.

धाकाने तो माणूस झाला नाही. नाक वाढले, कान वाढले, फासावर लटकला, तरी लाकूडच राहिला. ज्या दिवशी बापाचे प्रेम त्याच्या हातापायांत उतरले, त्या दिवशी तो मुलगा झाला.

काही पालकांच्या मनात येईल की परी, बोलणारा किडा, अशी कल्पित पुस्तके ख्रिस्ती घरात वाचावीत का? उधळ्या पुत्राची गोष्टही प्रभू येशूने रचून सांगितलेलीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापले, ते आपल्या लोकांच्या ओव्यांतून, कथेच्या रूपात. व्हेनिसचे कार्डिनल आल्बिनो लुचियानी यांनी एका मासिकात थोरामोठ्यांना आणि कथांतल्या पात्रांना पत्रे लिहिली. ती १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि त्यांत एक पत्र पिनोकिओला आहे. हेच लुचियानी १९७८ मध्ये पोप जॉन पॉल पहिले झाले, आणि २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. पुढे बोलोन्याचे कार्डिनल झालेले जाकोमो बिफ्फी यांनी तर १९७७ मध्ये या कथेवर ईशज्ञानाच्या दृष्टीने एक संपूर्ण पुस्तकच लिहिले. आणखी एक गंमत सांगतो. जेपेत्तो हे 'जुझेप्पे' या नावाचे लाडके रूप, आणि जुझेप्पे म्हणजे योसेफ. योसेफ नावाचा गरीब सुतार! मार्च महिना संत योसेफाचा. त्याचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. त्यानेही कधी बिल दाखवले नाही.

एक सूचना मात्र करतो. पुस्तकात काही प्रसंग कठोर आहेत. फाशीचा आहे, जळालेल्या पायांचा आहे. म्हणून लहान मुलांच्या हाती ते नुसते देऊ नका, शेजारी बसून वाचा. इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर मोफत मिळते. घरात ज्याला इंग्रजी जमते त्याने वाचावे आणि रोज एक प्रकरण मराठीत सांगावे. तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाईल बंद. परीक्षेचे दिवस आहेत, तरी पंधरा मिनिटे निघतात.

आणि या आठवड्यात प्रत्येकाने एक गोष्ट करावी. आईवडिलांनो, मुलाला एकदा स्पष्ट सांगा : "निकाल कसाही लागो, चूक कितीही मोठी असो, या घराचे दार तुला उघडे आहे." मनात असून उपयोग नाही, ते त्याच्या कानावर पडले पाहिजे. तरुणांनो, तुमच्यापैकी बरेच जण कामासाठी पुण्या-मुंबईला असता, सुट्टीला येता. घरी मागे राहिलेल्या म्हाताऱ्या बापाला किंवा आईला पाठीवर घेण्याची पाळी आता तुमची आहे. फोन करा, औषधाची चौकशी करा, जमेल तेव्हा या. आणि बरेच दिवस प्रायश्चित्त संस्कारापासून दूर राहिलेल्यांनो, या. तिथे कुणी तुमचे नाक मोजायला बसलेले नाही.

त्या मुलाला मी पुढच्या रविवारी गाठले आणि सांगितले, "घरात घेतलं, बाळा. नुसतं घेतलं नाही, त्याला शोधायला पप्पा समुद्रात गेले होते." तो काही बोलला नाही, मान हलवून पळाला. घरी जाऊन त्याने काय सांगितले, मी विचारले नाही. ते त्या बापलेकाचे आहे.

प्रार्थना करू या : हे प्रेमळ पित्या, आम्ही तुझ्यापासून पळालो तरी तू आम्हांला शोधत आलास. आमच्या घरांतील भीती दूर कर. आईवडिलांना संत योसेफासारखे गाजावाजा न करता देण्याचे बळ दे. मुलांना परतीची वाट दाखव, आणि आम्हा सर्वांची लाकडाची हृदये तुझ्या पुत्राच्या हृदयासारखी जिवंत कर. त्याच आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे आम्ही ही प्रार्थना करतो. आमेन.