विहिरीतली युरियाची गोणी

मराठवाड्यात पाण्याबद्दल विचारलं की उत्तर टीएमसीत येतं. जायकवाडीत किती टक्के साठा, वरच्या धरणांतून किती सोडलं, टँकर किती लागले. परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातल्या गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचं नाव दूरवर गेलं तेही असंच. परळीच्या औष्णिक वीज केंद्राला इथून पाणी जातं आणि २०१५च्या जुलैत पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षीच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. अशा दिवसांत हंडा भरला हेच पुष्कळ. त्या पाण्यात विरघळलंय काय, हा प्रश्न चैनीचा वाटतो. मला मात्र तो टंचाईच्या प्रश्नाइतकाच तातडीचा वाटतो आणि त्याचं उत्तर शोधणाऱ्या संशोधकांचं काम ज्या विहिरींवर उभं आहे, त्या विहिरींच्या मालकांपर्यंत ते पोचत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

मी बोलतोय ते नायट्रेटबद्दल. त्याला रंग नाही, वास नाही, पिण्याच्या पाण्यात ज्या प्रमाणात सापडतं त्या प्रमाणात चवही नाही. पाणी मचूळ झालं तर सुनेला पहिल्या घोटात कळतं, क्षार जास्त असतील तर डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. नायट्रेट असली कुठलीच खूण ठेवत नाही. तुरटी फिरवून ते खाली बसत नाही, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरनं मरत नाही, कारण ते जिवंत नाहीच. आणि पाणी उकळलं तर वाफ उडून जाते, नायट्रेट भांड्यातच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते वाढतं. पाणी शुद्ध करण्याचे आपल्या घरांतले बहुतेक उपाय जंतूंसाठी आहेत. इथे ते निरुपयोगी ठरतात.

हे येतं कुठून? सोनपेठच्या खाली आहे दख्खनचा काळा बसाल्ट, आणि बसाल्टमध्ये नायट्रोजन जवळजवळ नसतोच. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे ग्रॅनाइटचा खडक लागतो, तिथल्या पाण्यातलं फ्लोराइड त्या खडकातूनच येतं. ते गावाचं दुर्दैव म्हणावं लागेल. सोनपेठच्या विहिरीत नायट्रेट सापडलं तर मात्र ते वरूनच आलेलं असतं. शेतातल्या खतातून, उकिरड्यातून, गोठ्याच्या मुताड्यातून, विहिरीलगत खोदलेल्या शौचालयाच्या खड्ड्यातून. यातलं कोणतं किती, हेही काही अंशी सांगता येतं. नायट्रोजनचे दोन स्थिर समस्थानिक असतात, १४ आणि १५ वस्तुमानांकाचे. शेणात आणि मैल्यात जड नायट्रोजनचा वाटा रासायनिक खतापेक्षा जास्त असतो. त्या प्रमाणावरून प्रयोगशाळा मूळ शोधायचा प्रयत्न करते. उत्तर नेहमी स्वच्छ येत नाही, कारण गावात सगळंच एकमेकांत मिसळलेलं असतं.

एक हिशेब मांडून पाहा. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे सुमारे २०.७ किलो. हा सगळा नायट्रोजन जमिनीत नायट्रेट झाला तर त्याचं वजन भरतं सुमारे ९२ किलो. पिकानं बरंचसं उचललं, काही हवेत गेलं, आणि फक्त दहावा भाग झिरपून खाली गेला असं धरू: ९ किलोंच्या आसपास. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. या ९ किलोंनी नितळ पाण्याला त्या मर्यादेवर नेऊन ठेवायचं तर किती पाणी पुरेल? सुमारे २ लाख लिटर. वीस फूट रुंदीच्या विहिरीत तेवीस फूट पाणी असलं की ते जवळपास एवढंच भरतं. एका गोणीचा दहावा हिस्सा, आणि एक भरलेली विहीर. प्रत्यक्षात विहिरीत पाणी सतत येत-जात असतं, म्हणून गणित इतकं सरळ राहत नाही. पण प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून ते पुरेसं आहे. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. इतक्या स्वस्त वस्तूची एक मूठ जास्त पडली, तर शेतकऱ्याच्या लेखी ती पिकाची काळजी असते. त्यात त्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

त्यात आपली काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एरवी ही चिकण माती पाणी हळूहळू पाझरू देते; पण रोहिणी-मृगाचा पहिला जोरदार पाऊस भेगा मिटायच्या आत येतो आणि वरचं धुऊन थेट खाली नेतो. खालच्या बसाल्टमध्येही पाणी सगळीकडे सारखं नसतं, ते सांध्यांतून आणि फुटलेल्या थरांतून वाट काढतं. म्हणून एका बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकीत मर्यादेच्या निम्मं, दुसरीत तिप्पट, असंही होऊ शकतं. मे महिन्यात घेतलेला नमुना आणि ऑक्टोबरात घेतलेला नमुना हीसुद्धा दोन वेगळी उत्तरं असतात.

इथेच मला सरासरीवर भरवसा ठेवणं धोक्याचं वाटतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशभरातल्या १५,२५९ ठिकाणच्या पाण्याचं पृथक्करण आहे. त्यात जवळपास २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं, महाराष्ट्रात ३५ टक्क्यांहून अधिक. जास्त नायट्रेटच्या जिल्ह्यांत बीड आणि नांदेड ही दोन्ही नावं आहेत, आणि परभणी त्या दोघांच्या मध्ये आहे. असे अहवाल हवेतच, त्यांच्याशिवाय धोरण आंधळं होईल. पण बसाल्टच्या मुलखात आकडा एका विहिरीचा असतो. तालुक्याची सरासरी ठीक आली म्हणून एखाद्या घरचं बाळ सुरक्षित होत नाही.

बाळाचा उल्लेख उगाच केला नाही. ही मर्यादा ठरली तीच बाळांवरून. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी निळी पडलेली तान्ही मुलं तपासली आणि दोष त्यांच्या दुधात मिसळलेल्या विहिरीच्या पाण्यात शोधला. आतड्यात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते हिमोग्लोबिनमधलं लोह बदलून टाकतं, आणि रक्त असूनही प्राणवायू वाहून नेता येत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना हा धोका सर्वांत जास्त. अंगावर पिणाऱ्या बाळाला फारसं भय नाही. पावडरचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवलं की भय सुरू होतं. पुढे अमेरिकेतल्या पाहणीत नायट्रोजनच्या हिशेबानं लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली असे रुग्ण दिसले नाहीत, आणि तीच रेघ ठरली. नायट्रेटच्या हिशेबानं ती ४५च्या जवळ येते. म्हणून अहवाल वाचताना ‘१०’ हा आकडा कोणत्या हिशेबातला, हे आधी पाहावं. दोन्हींत जवळपास साडेचार पट फरक आहे. ही रेघ बाळांच्या एका आजारापुरती ओढलेली आहे, हेही विसरू नये. २०१८ साली डेन्मार्कमध्ये २७ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास झाला. त्यात लिटरला ४ मिलिग्रॅमच्याही थोडं खाली, म्हणजे मर्यादेच्या दहाव्या हिश्शाच्या आतच, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे. तरी ४५ च्या आत म्हणजे निर्धास्त, असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे हे काम होतच नाही असं नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या भूशास्त्र संकुलाचे डॉ. दीपक पानसकर, डॉ. वसंत वाघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कादवा नदीच्या खोऱ्यातलं भूजल तपासलं आणि नायट्रेटमुळे मुलांना किती, मोठ्यांना किती धोका, याचा हिशेब मांडला. वजनाच्या मानानं मूल जास्त पाणी पितं, म्हणून धोका त्याला जास्त. ही कादवा नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीला मिळते. तीच गोदावरी पुढे जायकवाडीतून खडक्याला येते. भूजलाचे आकडे नदीतून वाहत येत नाहीत, पण द्राक्षबागांच्या त्या खोऱ्यात जे तपासलं गेलं, ते ऊस, कापूस आणि सोयाबीनच्या सोनपेठात विहीर-विहीर तपासायला हवं.

आणि मग सांगायला हवं. शोधनिबंध इंग्रजीत छापला जातो, नकाशावर विहिरीला एक क्रमांक मिळतो, आणि ज्या बाईनं पोहरा काढून नमुन्याची बाटली भरून दिली तिला काहीच कळत नाही. सरकारी यंत्रणा आहे: भूजल सर्वेक्षण, तालुक्याची प्रयोगशाळा, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलं. ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्डही मिळतं. पण ते मुख्यतः स्रोताच्या परिसराची स्वच्छता बघतं. हिरवं कार्ड टांगलेल्या गावात नायट्रेट तिप्पट असू शकतं, आणि खासगी विहिरी तर या चौकटीतच नाहीत. विहिरीच्या कठड्यावर तारखेसह एक आकडा रंगवायला किती खर्च येतो? संशोधनाच्या अंदाजपत्रकात बाटल्यांचा आणि रसायनांचा खर्च असतो, तसा या रंगाचा आणि गावात एक संध्याकाळ बसून समजावून सांगण्याचा का नसावा?

समजावताना भीती घालण्याची गरज नाही, कारण शेतकऱ्याला देण्यासारखं एक चांगलं गणितही या आकड्यात आहे. समजा विहिरीच्या पाण्यात लिटरला ९० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट नायट्रेट आहे. ते पिण्यासाठी बाद; तान्ह्या बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी दुसरा स्रोत हवाच, आणि विकतचा जार नुसता थंड आहे म्हणून तो शुद्ध समजू नये. पण हेच पाणी उसाला दिलं तर? एका हेक्टरवर १०० मिलिमीटर ओलीत म्हणजे १० लाख लिटर पाणी. त्यात सुमारे ९० किलो नायट्रेट, म्हणजे २० किलो नायट्रोजन. जवळपास एक गोणी युरिया, आधीच पैसे भरून घेतलेली, विहिरीत पडून असलेली. तेवढी खताच्या पुढच्या हप्त्यातून वजा करता येते. पीक ते नायट्रेट उचलतं, तेवढं ते पुन्हा खाली जात नाही, आणि असे काही हंगाम गेले तर विहिरीतला आकडा उतरणीला लागू शकतो. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन स्वतः धरतात, तिथे तर वरून द्यायला फार थोडा लागतो. यासाठी शेतकऱ्याला कळायला हवा तो त्याच्या स्वतःच्या विहिरीचा आकडा: एकदा मृगाआधी, एकदा दिवाळीच्या सुमारास.