नाण्यावरचा चेहरा

आजचं वाचन : रोमकरांस पत्र १३:१-७, मार्क १२:१३-१७

प्रियांनो, निवडणूक आली की फोनवर मेसेज सुरू होतात : 'अमक्यालाच मत द्या, हीच प्रभूची इच्छा.' खाली रोमकरांस १३. गेल्या वेळी असा एक मेसेज मीही तरुण संघाच्या ग्रुपवर टाकला. एका बहिणीने विचारलं, "माझं मत दुसऱ्याला आहे. मग मी प्रभूच्या विरोधात का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पौलाने हे पत्र लिहिलं तेव्हा, इ.स. ५७ च्या सुमारास, रोममध्ये नीरोचं राज्य होतं. त्याला ना कोणी निवडून दिलेलं, ना तो विश्वासी. तरी पौल म्हणतो, कर द्या, मान द्या. पण अधिकाऱ्याला तो देवाचा सेवक म्हणतो, आणि सेवकाला धन्यापुढे हिशेब द्यावाच लागतो. प्रभूचा प्रतिनिधी म्हणून कोणाचा प्रचार करा, असं त्यात कुठे आहे?

(आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही उमेदवाराने धर्माच्या नावावर मत मागणं हा गैरप्रकारच आहे, बरं का!)

नाण्यावर कैसराचा चेहरा, म्हणून ते कैसराला. माणसावर कोणाची प्रतिमा आहे? उत्पत्ती १:२७ काढून बघा.

त्या बहिणीची मी काल क्षमा मागितली.

प्रार्थना : हे प्रभू, जो जिंकेल त्याच्यासाठी, आणि मी ज्याला मत देणार नाही त्याच्यासाठीही, आज मला गुडघे टेकू दे. आमेन.