केस, सौंदर्य आणि आपली कसोटी



डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात एक विलक्षण आपत्ती आली, हे आपणास स्मरत असेल. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतील माणसांच्या डोक्याला आधी खाज सुटे, मग हात फिरवताच केस हाती येत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. जानेवारी २०२५ संपेपर्यंत बाधितांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली. त्यांत लहान मुले होती, वृद्ध होते, लग्नाच्या वयाच्या मुलीही होत्या. प्रथम संशय गेला तो पाण्यावर, कारण हा भाग खारपाणपट्ट्याचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली. रक्ताचे, पाण्याचे, मातीचे नमुने गेले. विंचूदंशावरील संशोधनामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही गावांत जाऊन तपास केला. रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियम हे तत्त्व स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट आढळले, असा निष्कर्ष त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडला. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते. त्याचा अतिरेक झाला की केस आणि नखे झडतात. पुढे एप्रिलमध्ये त्याच परिसरात नखे गळण्याच्या तक्रारीही आल्या.

बऱ्याच जणांचे केस पुढे पुन्हा उगवू लागले. पण त्या काही आठवड्यांत जे घडले, ते केसांपेक्षा अधिक वेदनादायक होते. मुलींनी महाविद्यालयात जाणे सोडले, जुळत आलेली लग्ने अडली, बाहेरगावचे लोक या गावांतील माणसांजवळ बसण्यास कचरू लागले, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून आल्या. ज्यांचा काही दोष नव्हता, ज्यांनी फक्त घरात आलेल्या धान्याची पोळी खाल्ली होती, त्यांना तोंड लपवावे लागले.

आता याच जिल्ह्यातील दुसरे चित्र पाहा. तालुक्याच्या ठिकाणीही आज त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांवर लेझरने केस काढण्याच्या पाट्या दिसतात. एखादी माता संकोचाने विचारते, "मुलीच्या ओठांवर आणि हनुवटीवर दाट काळे केस येतात. दोन स्थळे त्यामुळेच गेली. लेझर केले तर चालेल का? अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ केल्याचे पाप तर लागणार नाही ना?" एकीकडे केस गेले म्हणून अश्रू आहेत, दुसरीकडे केस आले म्हणून. या दोन्ही अश्रूंचा उगम एकच तर नाही? आणि आपला धर्म त्यांविषयी काय शिकवितो? यावर शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम लेझर म्हणजे काय, ते समजून घेऊ. केसाला काळा रंग देणारे द्रव्य प्रकाश शोषून घेते. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश क्षणमात्र टाकला की तो केसातील या द्रव्यात शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि केसाचे मूळ दुखावते. म्हणूनच दाट काळ्या केसांवर लेझरचा परिणाम चांगला होतो. पांढऱ्या केसांवर जवळजवळ होत नाही. परंतु तेच रंगद्रव्य आपल्या सावळ्या त्वचेतही असते. प्रकाश त्वचेने शोषला तर भाजते, काळे किंवा पांढरे डाग पडतात. यासाठी सावळ्या त्वचेवर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे, अधिक खोल जाणारे लेझर तुलनेने सुरक्षित मानले जाते. सर्व केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसल्याने काही आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा जावे लागते. आणि इतके करूनही केस कायमचे नाहीसे होतातच असे नाही. ते विरळ होतात. क्वचित प्रसंगी चेहऱ्यावरचे केस उलट वाढल्याचेही आढळते. जाहिरातीची पाटी यातले बरेच काही सांगत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दिव्य कुरआनच्या सूरह अन्-निसामध्ये (४:११९) सैतानाच्या आव्हानाचा उल्लेख आहे. मी माणसांना आज्ञा देईन आणि ते अल्लाहच्या निर्मितीत बदल करतील, असे तो म्हणतो. मा. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी कथन केलेल्या आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेल्या हदीसमध्ये गोंदवून घेणाऱ्या, भुवयांचे केस उपटणाऱ्या आणि सौंदर्यासाठी दातांत फटी पाडणाऱ्या स्त्रियांचा कडक शब्दांत निषेध आहे. हे वाचून कोणाही ईमानधारक मातेच्या मनात भीती उत्पन्न होणे स्वाभाविक आहे आणि ती भीती आदरणीयही आहे.

परंतु त्याच प्रेषितांनी (स.) काही केस काढणे हे मानवी प्रकृतीचे, फितरतचे लक्षण ठरविले आहे. काखेतील व नाभीखालील केस काढणे, मिशा कमी करणे, नखे कापणे यांत चाळीस दिवसांपेक्षा अधिक विलंब होऊ नये, असे मार्गदर्शन आहे. म्हणजे शरीरावरील प्रत्येक केस जसाच्या तसा ठेवणे, हा काही धर्माचा अर्थ नव्हे. काही केस काढण्याचा आदेश आहे, काहींना हात लावण्याची मनाई आहे, आणि हातापायांवरील केसांसारख्या काहींविषयी स्पष्ट आदेश नाही. जे केस काढण्याचा आदेशच आहे, ते वस्तऱ्याने काढले काय किंवा किरणाने काढले काय, साधन बदलल्याने हुकूम बदलत नाही, असे आजच्या अनेक विद्वानांचे मत आहे. अट एवढीच की शरीराला अपाय होऊ नये आणि जे अंग झाकण्याचा आदेश आहे ते परक्यासमोर विनाकारण उघडे पडू नये. ही दुसरी अट लहान समजू नका. नाभीखालील केस स्वतः घरी काढता येत असताना, केवळ सोयीसाठी दुसऱ्यासमोर, मग ती स्त्री का असेना, ते अंग उघडे करण्यास आधार सापडणे कठीण आहे.

स्त्रीच्या चेहऱ्यावर दाढी-मिशा उगवल्यास काय करावे? हा प्रश्न लेझरने निर्माण केलेला नाही. आपल्या पूर्वसूरींनी त्यावर शतकांपूर्वी चर्चा केली आहे. इमाम तबरी (र.) यांनी असे केस काढण्यास परवानगी नाही, असे म्हटले. इमाम नववी (र.) यांनी मात्र दाढी-मिशांचे केस याला अपवाद आहेत, ते काढणे निषिद्ध तर नाहीच, उलट पसंतीचे आहे, असे मत दिले. दोघेही थोर विद्वान होते आणि दोघांनाही अल्लाहचे भय होते. मतभेद कोठे आहे ते पाहा. एकाच्या दृष्टीने तो केस निर्मितीचा भाग आहे, तर दुसऱ्याच्या दृष्टीने तो निर्मितीच्या सामान्य रूपापासून झालेला ढळ आहे आणि तो दूर करणे म्हणजे मूळ रूपाकडे परतणे.

आजचे वैद्यकशास्त्र या दुसऱ्या मताला बळ देते. मुलीच्या चेहऱ्यावर असे दाट केस येण्यामागे बहुधा अंतःस्रावांचा बिघाड असतो. पीसीओएस हे त्याचे सर्वांत सामान्य कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो. त्यात मासिक पाळी अनियमित होते, वजन वाढते, पुढे मधुमेहाचा धोका संभवतो. म्हणून माझ्या भगिनींनो, लेझरच्या पाटीकडे जाण्यापूर्वी मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. ओठावरचा केस कदाचित शरीराने दिलेली सूचना असेल. सूचना पुसून टाकायची आणि आजार तसाच ठेवायचा, यात मुलीचे हित नाही.

उपचार आणि निर्मितीतील बदल यांतील भेद एका हदीसने अगदी स्पष्ट होतो. अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक कुलाबच्या लढाईत कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसविले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषांसाठी सोने निषिद्ध असतानाही ही अनुमती मिळाली. दुखावलेल्या माणसाला चारचौघांत पूर्ववत वावरता यावे, ही इच्छा प्रेषितांनी (स.) क्षुद्र मानली नाही.

पण याच्या शेजारी आणखी एक हदीस ठेवावी लागेल, आणि बोंडगावच्या घटनेनंतर ती वाचताना मन हेलावते. एका स्त्रीने विचारले की, माझ्या मुलीचे नुकतेच लग्न झाले आहे, आजाराने तिचे केस गळले, मी तिला दुसरे केस जोडू का? प्रेषितांनी (स.) केस जोडण्यास मनाई केली. प्रश्न उभा राहतो: नाकाला अनुमती आणि केसांना मनाई, असे का? विद्वानांनी दिलेल्या कारणांत दोन प्रमुख आहेत. एक, दुसऱ्या माणसाच्या शरीराचा भाग वापरणे मानवी प्रतिष्ठेस धरून नाही. दुसरे, जे नाही ते आहे असे भासविण्यात फसवणूक आहे. सोन्याचे नाक कोणालाही फसवीत नाही. पाहणाऱ्याला ते सोन्याचे आहे हे दिसते. त्या मुलीचे गळलेले केस परत यावेत म्हणून औषध करण्यास कोणीही मनाई केलेली नाही. मनाई आहे ती सत्य झाकण्याला. म्हणून लग्नाच्या बोलणीपूर्वी मुलीचा चेहरा स्वच्छ करणे आणि तिचा आजार लपविणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यास वाव आहे, दुसऱ्यास नाही. मुलाच्या आजारांनाही हाच नियम लागू आहे, हे वरपक्षानेही विसरू नये.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. इच्छा निर्दोष कधी आणि सदोष कधी? बुखारी व मुस्लिम यांत बनी इस्राईलच्या तीन माणसांची हदीस आहे. एक कोडी, एक टकला आणि एक आंधळा. अल्लाहने त्यांच्याकडे फरिश्ता पाठविला. फरिश्त्याने टकल्याला विचारले, तुला सर्वांत प्रिय काय? त्याने सुंदर केस मागितले, आणि ज्यामुळे लोक माझी किळस करतात ते दूर व्हावे, असे सांगितले. फरिश्त्याने हात फिरविला, त्याला सुंदर केस मिळाले आणि एक गाभण गायही मिळाली. काही काळाने तोच फरिश्ता टकल्या, गरीब प्रवाशाच्या रूपात त्याच्या दारी आला आणि अल्लाहच्या नावाने मदत मागू लागला. त्याने नकार दिला, आणि आपली संपत्ती वडिलोपार्जित असल्याचे सांगितले. कोडातून मुक्त झालेल्यानेही तेच केले. फक्त आंधळ्याला आपले पूर्वीचे दिवस आठवले, आणि तोच उत्तीर्ण झाला.

वाचकहो, या हदीसमध्ये केस मागण्याची निंदा कोठेच नाही. ती इच्छा ऐकली गेली आणि पूर्णही झाली. निंदा आहे ती विसरण्याची. ज्याला काल लोकांची किळस सोसावी लागली, तो आज दारातल्या टकल्याला ओळखू शकला नाही. रूप मिळाले आणि करुणा गेली, हाच त्याचा पराभव.

आता स्वतःला विचारून पाहू. मुलगी केस काढू इच्छिते, ती का? ती आजाराने त्रस्त असेल, लोकांत वावरताना तिला क्लेश होत असेल, तर ती अरफजा (रजि.) यांच्या मार्गावर आहे. परंतु जाहिरातीतील गुळगुळीत देहाशी रोज तुलना करून ती स्वतःचा तिरस्कार करीत असेल, तर सहा वेळाच काय, साठ वेळा किरण टाकूनही समाधान मिळणार नाही. कारण दुखणे केसाच्या मुळाशी नाही. अल्लाहने मानवाला उत्तम घडणीवर निर्माण केल्याचे सांगितले आहे, आणि तो रूपाकडे व संपत्तीकडे पाहत नाही, अंतःकरणाकडे व आचरणाकडे पाहतो, असे प्रेषितांनी (स.) शिकविले आहे. त्याचबरोबर अल्लाह सुंदर आहे व त्याला सौंदर्य प्रिय आहे, हेही त्यांनीच सांगितले. अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे, हा खुलासा त्याच हदीसमध्ये आहे. म्हणजे नीटनेटके राहणे अहंकार नव्हे. दुसऱ्याला तुच्छ मानणे हा अहंकार होय.

आणि येथे प्रश्न त्या मुलीकडून आपल्याकडे वळतो. तिला विचारण्यापूर्वी पाहायला आलेल्या घराला विचारले पाहिजे की, दीन व चारित्र्य पाहण्याची शिकवण असताना तुमची नजर ओठावरच्या केसावर का अडकली? सूरह अल्-हुजुरातमध्ये (४९:११) पुरुषांनी पुरुषांची आणि स्त्रियांनी स्त्रियांची चेष्टा करू नये, कदाचित ज्यांची चेष्टा होते ते अधिक चांगले असतील, अशी ताकीद आहे. स्त्रियांचा तेथे वेगळा उल्लेख आला आहे, याचा आपल्या घरातील बैठकींनी विचार करावा. केस काढावेत की नाही, यावर आपण फतवे विचारतो. पण केसांवरून कोणाचे स्थळ मोडले तर त्याचा जाब कोण देईल, हे विचारायला कोणी येत नाही.

म्हणून निष्कर्ष असा मांडावासा वाटतो. चेहऱ्यावरील असे विकारजन्य केस काढण्यास आधार आहे. आधी वैद्यकीय तपासणी करावी, लेझर करायचेच तर पात्र त्वचारोगतज्ज्ञाकडे, शक्यतो स्त्रीकडूनच करावे, त्वचेच्या लहान भागावर आधी चाचणी घ्यावी आणि त्यासाठी व्याजाचे कर्ज काढू नये. भुवयांच्या बाबतीत मनाई स्पष्ट आहे. मनात शंका राहिली तर आपल्या विश्वासातील आलिमांना संकोच न करता विचारावे. आणि जी मुलगी काहीच करू इच्छित नाही, तिला तसेच सन्मानाने राहू द्यावे.

शेगाव तालुक्यातील त्या गावांनी आपणास दाखवून दिले की, रूप किती अलगद हातून निसटते. रोजची पोळीही पुरेशी होते. उद्या तो टकला प्रवासी आपल्या दारी येईल. कदाचित तो आलाही असेल, बोंडगावच्या एखाद्या मुलीच्या रूपाने, आणि आपण दार लोटून घेतले असेल.

अल्लाह आम्हा सर्वांना दुसऱ्याच्या देहाकडे करुणेने आणि स्वतःच्या देहाकडे कृतज्ञतेने पाहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.