कर्ता, करण आणि तेलाचे माप

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार असलेले शरीर, कर्ता, करण म्हणजे साधन, नाना चेष्टा आणि दैव. साधनच माप ठरवू लागले म्हणजे कर्त्याकडे काय उरते, हा प्रश्न या मांडणीतून आपोआप निघतो, आणि मावळात पवना धरणासारख्या जलाशयावर होडीला टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन लावायचे झाले, तर तो अगदी व्यवहाराचा होऊन समोर येतो.

या इंजिनात पेट्रोल व हवा क्रँककेसमधून, म्हणजे दट्ट्याला जोडलेला दांडा ज्या पोकळीत फिरतो तिच्यातूनच जात असल्यामुळे वंगणाचे तेल तेथे साठवता येत नाही. ते इंधनाबरोबरच पाठवावे लागते. एक रीत आधी मिसळण्याची: पन्नासास एक हे प्रमाण असेल, तर 10 लिटर पेट्रोलात 200 मिलिलिटर टू-टी ऑइल ओतून कॅन नीट हलवायचा. आकुर्डीच्या कारखान्यातली जुनी चेतक ज्यांच्या घरी होती, त्यांना ही रीत समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्या रीतीत तेलाची टाकी वेगळी असते आणि इंजिनाच्या गतीनुसार पंप कमी-अधिक तेल सोडतो. मंद चालीत धूर कमी होतो, प्लगवर काजळी कमी धरते, हा तिचा खरा गुण आहे.

तरीही दोहोंतला मूळ भेद सोयीचा नाही. मिसळलेल्या इंधनात तेल आणि पेट्रोल यांचा, न्यायशास्त्राच्या भाषेत, अविनाभाव असतो, म्हणजे एकाशिवाय दुसरे पोहोचतच नाही. कर्त्याची काळजी दोरी ओढण्यापूर्वीच पुरी झालेली असते. पंप असला की हे नाते तुटू शकते: नळीत हवेचा बुडबुडा अडकला किंवा टाकी रिकामी झाली, आणि धोक्याचा भोंगाही बिघडलेला असला, तर पेट्रोल येतच राहते, इंजिन काही वेळ बिनतक्रार चालते आणि मग दट्ट्या जाम होतो. म्हणून येथे कर्त्याचे काम संपत नाही, ते कृतीतून अवधानात उतरते. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितले ते हेच अवधान, आणि क्वचितच चुकणाऱ्या वस्तूवर ते टिकवणे सर्वांत कठीण. लोणावळ्यात 1945 पासून असलेल्या आयएनएस शिवाजी या संस्थेत नौदलाचे अभियंते घडतात. त्यांच्या व्यवसायात यंत्र कितीही स्वयंचलित असले तरी पाळीवरच्या माणसाला इंजिनाची नोंद ठेवावीच लागते, ती याच कारणाने.

रोज एकाच जाणत्या हाताखाली चालणाऱ्या होडीला पंप शोभतो. पण जी होडी महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली पडून राहते आणि ऐन पावसात, कोणी बुडते आहे असे कळताच, हाताला येईल त्या माणसाकडून पाण्यात लोटली जाते, तिला मिसळलेले इंधनच द्यावे. मात्र पेट्रोल शिळे होते, म्हणून ते थोडेच मिसळावे आणि मिसळल्याची तारीख कॅनवर लिहावी.