गाणे वाटावे कोणत्या रूपाने?

बालगंधर्वांची (१८८८–१९६७) जुनी तबकडी ज्याच्या घरी आहे, त्याने ती चाहत्यांत कोणत्या रूपाने वाटावी, हा प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो. मला तो नीतीचा वाटतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या १० इंची तबकडीच्या एका बाजूत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत रंगणारे पद तेवढ्यात बसवावे लागे. म्हणजे पहिली काटछाट खुद्द गायकाची, जाणूनबुजून केलेली! आज आपण तिचे एमपीथ्री करतो, तेव्हा कानाला सहसा जाणवणार नाही तेवढा नाद गाळला जातो. हा काही अपराध नव्हे. खेड्यातल्या आजोबांच्या साध्या मोबाइलवर ती लहान फाइलच पोहोचेल. भलीमोठी धाडून आपली शुद्धतेची हौस तेवढी भागेल.

फसवणूक होते ती दुसरीकडे. पूर्वी साऱ्याच तबकड्या नेमक्या ७८ च्या वेगाने मुद्रित होत नसत. वाजवताना वेग वाढला की स्वर चढतो, आणि भलत्याच गळ्याला आपण थोर नाव देऊन मोकळे होतो! खरखर पुसण्याच्या नादात आवाजाची धारही जाते. (आमच्या वर्गातली मुले त्या खरखरीला ‘पाऊस’ म्हणतात; मला ते नाव आवडते.)

तेव्हा लहान फाइल खुशाल वाटावी. मात्र सोबत दोन ओळी लिहाव्यात: तबकडीचा क्रमांक, कोणत्या वेगाने वाजवली, काय पुसले. आणि मूळ ध्वनिमुद्रण पावसासकट घरी जपून ठेवावे.