माउंट व्हर्ननचें मृत्युपत्र

अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतांत, पोटोमॅक नदीच्या कांठीं, जॉर्ज वॉशिंग्टन यांचें माउंट व्हर्नन हें घर आजहि जतन करून ठेविलेलें आहे. दुरून तें घडीव चिऱ्यांचें दिसतें. वस्तुतः तें लांकडी आहे. फळ्यांवर चिऱ्यांसारखे सांधे पाडून व ओल्या रंगावर वाळू उधळून दगडाचा भास आणिला आहे. यावरून मालकाच्या स्वभावावर कोटी करणें सोपें आहे. आम्ही तो मोह आवरतों. नीतीचा विचार करणारास घरापेक्षां घरधन्याचें मृत्युपत्रच अधिक मननीय वाटेल.

तें वॉशिंग्टन यांनीं १७९९ च्या जुलैंत स्वहस्तें लिहिलें. त्या वर्षीं तेथें ३१७ गुलाम होते. पैकीं १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. उरलेल्यांतील बहुतेक पत्नी मार्थाबाई यांच्या पहिल्या पतीच्या मिळकतींतले, व त्यांस मुक्त करण्याचा अधिकार या दांपत्यास नव्हता. आपल्या गुलामांस पत्नीच्या पश्चात् मुक्ति द्यावी, वृद्धांस पोसावें, पोरक्या मुलांस लिहिणें-वाचणें शिकवावें, अशी तजवीज त्यांनीं केली. जेफर्सन यांनीं मृत्युपत्रानें अवघे पांच मुक्त केले, हें ध्यानांत घेतां ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि हें औदार्य म्हणावें काय? ऋणकोनें आयुष्यभर दुसऱ्याचें धन वापरून मरतेवेळीं तें परत केलें, तर त्यास कोणी दाता म्हणत नाहीं. दोन्ही प्रकारच्या गुलामांत लग्नसंबंध झाले असल्यानें तत्काळ मुक्ति दुःखदायक होईल, असें कारण वॉशिंग्टन यांनीं दिलें. तें खोटें नव्हतें. परंतु मार्थाबाईंच्या पश्चात् तरी तीं कुटुंबें कोठें अभंग राहणार होतीं? टळणार होतें तें त्यांचें दुःख नव्हे. तें पाहण्याचा धनिणीचा प्रसंग तेवढा टळणार होता.

शिवाय या तजविजीनें एक विलक्षण प्रकार घडला. शंभरावर माणसांचें स्वातंत्र्य एका विधवेच्या मरणावर टांगलें गेलें! त्यांच्या हातीं आपला जीव सुरक्षित नाहीं असें मार्थाबाईंस वाटत होतें, हें अध्यक्ष ॲडम्स यांच्या पत्नीनें एका पत्रांत नमूद केलें आहे. अखेर १ जानेवारी १८०१ पासून त्यांनीं स्वतःच सर्वांस मुक्त केलें. यांत धर्मबुद्धि किती व भय किती, याची वांटणी आम्हांस करवत नाहीं.

मार्थाबाईंची दासी ओना जज ही मात्र कोणाच्या मरणाची वाट पाहत बसली नाहीं. वॉशिंग्टन अध्यक्ष असतांनाच, १७९६ सालीं, ती त्यांच्या फिलाडेल्फियांतील घरांतून निघून न्यू हॅम्पशायरला पोहोंचली. तिला परत आणविण्याचे त्यांचे प्रयत्न फसले. १८४८ सालीं ती तिकडेच वारली. कायद्याच्या दृष्टीनें अखेरपर्यंत पळालेली गुलाम.