खरें नाणें, खोटी चिठ्ठी

असत्य न बोलतांहि दुसऱ्यास फसवितां येतें काय, हा प्रश्न धर्मराजाच्या रथाइतका जुना आहे. अश्वत्थामा नांवाचा हत्ती मेला होता हें खरेंच होतें. तरी तें वाक्य उच्चारतांच भूमीस न शिवणारा तो रथ खालीं टेकला. हाच प्रश्न परवां उलव्यास एका रुप्याच्या नाण्याच्या रूपानें आमच्यापुढें उभा राहिला.

आम्हांस जुन्या नाण्यांचा नाद आहे हें जाणून शेजारचे एक गृहस्थ आजोबांच्या पेटींतलें मोठें नाणें घेऊन आले. आजोबा मुंबईच्या गोदींत कामास होते. नाण्याच्या एका बाजूस ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस दोन शिरांचा गरुड आणि १७८० हें साल. मुलीच्या कॉलेजच्या फीची मुदत जवळ आली होती. इतकें जुनें नाणें विकून ती सहज भागेल, अशी त्यांची समजूत.

आम्हीं प्रथम नाणें तोललें. या थेलरचें वजन २८.०७ ग्रॅमच्या आसपास असावें लागतें, तें भरलें. पाण्यांत बुडवून तोलतां सुमारें पावणेतीन ग्रॅम घटलें. शेंकडा ८३ भाग चांदी असलेल्या मिश्रणास तें साजेसेंच होतें. ओतीव बनावट नाण्यावर दिसणारे बुडबुडे वा सांध्याची रेघ कोठें नव्हती. नाणें अस्सल होतें. मात्र १७८० चें नव्हतें. पदकावरील मोती आणि गरुडाच्या शेपटीचीं पिसें भिंगाखालीं ताडून पाहतां तें १९४० च्या सुमारास मुंबईच्या टांकसाळींत पाडलेलें ठरलें.

राणी १७८० सालींच वारली. परंतु तांबड्या समुद्राच्या दोन्ही तीरांवरील व्यापारी तिचेंच नाणें मागत. म्हणून व्हिएन्नाची टांकसाळ तेंच साल कायम ठेवून तें पाडीत राहिली. १९३५ सालीं अबिसीनियाच्या स्वारीसाठीं इटलीनें त्याचे ठसे मिळविले. पुढें लंडन व पॅरिस येथें, आणि दुसऱ्या महायुद्धांत मुंबईंतहि, तें पडूं लागलें.

हें ऐकून गृहस्थ म्हणाले, “सर, तुम्ही एवढंच लिहून द्या, कीं चांदी खरी आहे आणि वर १७८० साल आहे. यांत खोटं काय? टांकसाळीनं तेंच साल घातलं, तर तिला कोणी लबाड म्हणत नाहीं!”

वाक्य निर्दोष होतें, आणि कोटीहि बिनतोड वाटत होती. तथापि विचारान्तीं आम्हांस दोहोंतला भेद दिसला. एडनच्या बाजारांत तें नाणें घेणारा त्याचें वय विकत घेत नव्हता. तो चांदी घेत होता. १७८० हा आंकडा ठराविक वजनाची व कसाची ओळखखूण होती, आणि नाण्यानें दिलेलें तें वचन टांकसाळीनें पाळलें. आज आमची चिठ्ठी पाहून नाणें घेणारा मात्र वयाचेच पैसे मोजील. बोलणें खरें कीं खोटें, हें केवळ शब्द आणि वस्तु यांच्या मेळानें ठरत नाहीं. ऐकणारा त्या शब्दांवर कोणती गोष्ट विसंबून घेत आहे, यावरून तें ठरतें. म्हणून एकच साल नाण्यावर खरें आणि चिठ्ठींत खोटें होऊं शकतें.

मग त्या मुलीच्या फीचें काय? येथें मन द्रवतें, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु ज्या दयेचा खर्च कोणा अनोळखी, अननुभवी संग्राहकाच्या खिशांतून व्हावयाचा, ती आमची दया कशी? दया करावयाची तर स्वतःच्या कनवटीची गांठ सोडावी. आम्हीं चिठ्ठींत टांकसाळ, काळ आणि आंतील सुमारें २३.४ ग्रॅम शुद्ध चांदी, सर्व स्पष्ट लिहिलें; आणि फीस जें कमी पडत होतें, त्यांतील थोडेंसें उसनें म्हणून पुढें केलें. गृहस्थांनीं चिठ्ठी घेतली. पैसे घेतले नाहींत.

त्या नाण्याच्या कडेवर राणीचें लॅटिन ब्रीद कोरलेलें आहे: न्याय आणि दया. दोन्ही शब्द एकाच कडेवर बसविणें टांकसाळीस साधलें. आम्हांस त्या दिवशीं एकच साधला; दुसरा देऊं केला तेव्हां उशीर झाला होता.